घोड्यावरचा संत आणि आईच्या पेटीतल्या गिन्या

कराडहून एका ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं. आईच्या मागे लोखंडी पेटीत सोन्याची सात नाणी आणि पुतळ्यांची एक जुनी माळ निघाली. नाण्यांच्या एका बाजूला राजा किंवा राणीचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून सापासारख्या प्राण्याला मारणारा माणूस. चार नाण्यांना कडी लावलेली आहे. सोनार म्हणतो, ‘गिन्या आहेत, बावीस कॅरेटच्या भावाने घेतो, आठ टक्के घट जाईल, मुलीच्या पाटल्या करून टाका.’ मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तो म्हणतो दोन मला द्या, किंवा मी इथेच नवीन घेतो. नाणी खरी आहेत का, मोडावीत का, आणि नवीन घेण्यात अर्थ आहे का?

ताई, हे वाचून होईपर्यंत पेटी सोनाराकडे नेऊ नका. गेली चौतीस वर्षं मी जुनी सोन्याची नाणी पारखतो, त्याआधी साताऱ्यात एका पेढीवर शिकाऊ होतो. तिथे कितीतरी पिशव्या न बघता थेट मुशीत गेलेल्या मी पाहिल्या. त्यात काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

सुरुवात त्या आठ टक्क्यांपासून करतो, कारण तिथेच तुमचं नुकसान आहे. गिनीत अकरा भाग सोनं आणि एक भाग तांबं असतं. म्हणजे शेकड्याला ९१.६७ सोनं आणि ८.३३ हीण. बावीस कॅरेटचा भाव लावला की हे हीण वजा होऊनच येतं. त्यावर आणखी आठ टक्के घट कापणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा कापणं. समजा २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशोबापुरता, त्या दिवशीचा खरा भाव तुम्ही घाला. एका गिनीचं वजन ७.९८८ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. म्हणजे ७३,२०० रुपयांच्या थोडं वर. त्यातून आठ टक्के पुन्हा गेले तर नाण्यामागे सुमारे ५,८५० रुपये, आणि सात नाण्यांचे एकेचाळीस हजार गेले. जुन्या बांगडीत डाग, म्हणजे जोडाचा धातू, किती, आत भरलेली लाख किती, कस काय, हे कोणालाच नक्की माहीत नसतं, म्हणून तिथे घट धरतात. या नाण्यातलं सोनं दोनशे वर्षं दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत ठरलेलं आहे. त्यावर अंदाज करायची गरजच नाही, म्हणून तो कोणाला करू देऊ नका.

आता हे नाणं नक्की काय आहे ते सांगतो. आपण त्याला गिनी म्हणतो, कोणी पौंड म्हणतो. इंग्रजांच्या लेखी ही गिनी नव्हे, हे ‘सॉव्हरिन’. खरी गिनी हे त्याआधीचं, थोडं जड नाणं. ती १८१४ नंतर पाडली गेली नाही. नाव मात्र आपल्या तोंडी राहिलं, इतकं की बावीस कॅरेटच्या सोन्यालाच आपण गिनी सोनं म्हणू लागलो. केरळात हेच नाणं ‘पवन’ झालं आणि तिथे आजही सोन्याचा भाव आठ ग्रॅमच्या पवनावर सांगतात. आपल्या जुन्या मापात बसवायचं तर आठ मासे पावणेदोन गुंजा.

सॉव्हरिन हे नाव १४८९ सालचं, सातव्या हेन्रीच्या काळातलं. आज हातात येतं ते रूप १८१७ पासूनचं. त्यावरचा स्वार म्हणजे संत जॉर्ज, इंग्लंडचा रक्षक संत. परंपरा सांगते की तो रोमन सैन्यात होता, कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, आणि डायोक्लेशन बादशहाच्या छळात इसवी सन ३०३ च्या सुमारास मारला गेला. राक्षसी सर्पाला मारून राजकन्येला सोडवल्याची कथा नंतर जोडली गेली. तो एकट्या इंग्लंडचा नाही. जॉर्जिया देशाचा, कॅटलोनियाचा, मॉस्को शहराचाही तो रक्षक आहे, आणि केरळातल्या सीरियन ख्रिस्ती गावांत त्याचे उत्सव आजही मोठे होतात. मुंबईत सीएसएमटीजवळचं सेंट जॉर्ज रुग्णालय त्याच्याच नावाचं.

चित्र कोरलं बेनेडेटो पिस्त्रुची या रोमच्या कारागिराने. तो मुळात रत्नांवर आकृत्या कोरणारा, आणि ते या नाण्यात दिसतं. तुमच्यापैकी सगळ्यात कमी झिजलेलं नाणं घ्या, खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा आणि दहापट भिंगातून बघा. स्वाराच्या अंगावर शिरस्त्राण, खांद्यावरून उडणारं वस्त्र आणि पायात बूट, बाकी काही नाही. उजव्या हातात आखूड तलवार. घोडा मागे दचकलेला, त्याच्या पोटाखाली राक्षस उलटा पडलेला. खाली साल, आणि सालाच्या उजवीकडे अगदी बारीक बी आणि पी, म्हणजे कोरणाऱ्याची आद्याक्षरं. १८१७ ते १८२० च्या नाण्यांत जॉर्जच्या हातात तलवारीऐवजी मोडलेला भाला आहे आणि भोवती पट्ट्यावर अक्षरं आहेत. तसं नाणं निघालं तर ताबडतोब बाजूला ठेवा. १८२५ मध्ये हे चित्र काढून ढालीचं चिन्ह आलं आणि जॉर्ज परतला तो १८७१ मध्ये. त्यामुळे ढालीची गिनी दिसली म्हणून ती खोटी समजू नका.

या घोडेस्वाराबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. जेजुरीच्या बाजूच्या एका कुटुंबाने माझ्याकडे आजींची देवघरातली वस्तू आणली होती. आजी तिला खंडोबाचा टाक म्हणायच्या. हातात घेतली तर १९११ ची गिनी. घोडा, खड्ग, पायाखाली दैत्य, सगळं जुळत होतं, त्यामुळे आजींना दोष द्यायचं काही कारण नव्हतं. साठ-सत्तर वर्षांचा भंडारा घोड्याच्या मांड्यांमध्ये आणि सर्पाच्या वेटोळ्यात इतका घट्ट बसला होता की सोनं फक्त उंचवट्यावर दिसत होतं. मुलांनी ते घासून आणलं नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानले. वरचा भाग झिजला नव्हता, कारण भंडाऱ्याने तो राखला होता. कोमट पाण्यात ठेवून तो आपोआप सुटू दिला. टूथब्रश, रिठा, चिंच, उजळायचं पाणी, यातलं काही लावू नका. घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं आणि संग्राहक त्याचे पैसे कापतो.

आता खरं-खोटं. एक बारीक काटा लागतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. कडी नसलेल्या नाण्याचं वजन ७.९८ च्या आसपास यायला हवं. इंग्रजी कायद्याने झिजलेली गिनी ७.९४ ग्रॅमपर्यंत चालू मानली जायची. त्याहून बरीच कमी भरली तर काही तरी गडबड आहे, किंवा कोणी कड घासली आहे. रुंदी २२.०५ मिलिमीटर, कड दातेरी. अर्धी गिनी ३.९९ ग्रॅम आणि १९.३ मिलिमीटर.

यानंतर पाण्याची कसोटी, आणि तीच मला सगळ्यात भरवशाची वाटते. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला छोटा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला शिवणकामाचा बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाही, असं धरून ठेवा. काटा ०.४५ किंवा ०.४६ दाखवेल. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की साडेसतराच्या जवळ उत्तर येतं. ती बावीस कॅरेट तांबेमिश्रित सोन्याची घनता. पितळेवर मुलामा असेल तर काटा ०.९ च्या पुढे जातो. हात स्थिर ठेवा, नाण्याला चिकटलेले बुडबुडे दोऱ्याला हलका झटका देऊन सोडवा, आणि तीनदा करा. कड्यांच्या नाण्यांना ही कसोटी नीट लागत नाही, कारण डागाचा कस वेगळा असतो.

सोनाराच्या दुकानातलं कॅरेट सांगणारं मशीन उपयोगी आहे, पण ते वरचा पातळ थरच वाचतं. ९१.६ दाखवलं की नाणं सोन्याचं असण्याची शक्यता मोठी. ते टांकसाळीतूनच आलं, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. आणि या नाण्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गिनीच्या नकला पुष्कळदा खऱ्या सोन्याच्याच असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कागदी पैशापेक्षा गिनीवर विश्वास ठेवत होते, त्यामुळे तिचा भाव आतल्या सोन्याहून बराच वर गेला. इटलीत आणि मध्यपूर्वेत पुऱ्या वजनाच्या, पुऱ्या कसाच्या गिन्या खासगी ठशांवर पाडल्या गेल्या. त्यातलं एक प्रकरण स्वित्झर्लंडच्या न्यायालयात गेलं आणि आरोपी सुटला, कारण हे नाणं आता चलनात नाही असं त्या न्यायालयाने धरलं. लंडनच्या टांकसाळीने १९५७ पासून गिनी पुन्हा नियमित पाडायला घेतली, त्यामागे या नकलांना आळा घालणं हे मोठं कारण होतं. आपल्याकडच्या नकला वेगळ्या. गावठी ठशावर, माळेत ओवण्यासाठी केलेल्या, वजनाला सहा-सात ग्रॅमच्या, कस अठरा-वीसचा. त्यात फसवायचा हेतू प्रत्येक वेळी नसायचा, गिऱ्हाईकाला ‘गिनीची माळ’ हवी असायची. ओळख अशी: जॉर्जची बोटं वेगवेगळी दिसत नाहीत, घोड्याचं तोंड पिठाच्या गोळ्यासारखं, अक्षरांच्या पायथ्याशी कोपरे गोल, पार्श्वभूमीवर बारीक पुटकुळ्या. टांकसाळीच्या ठशात सपाट भाग खरोखर सपाट असतो आणि अक्षर त्यातून भिंतीसारखं उभं राहतं.

मग राजा-राणी बघा. डावीकडे तोंड असलेली तरुण, केस बांधलेली ती व्हिक्टोरिया, १८८७ पर्यंतची. डोक्यावर लहानसा मुकुट ठेवलेली तीच, १८८७ ते १८९३. डोक्यावरून पदर घेतल्यासारखी वृद्ध व्हिक्टोरिया, १८९३ ते १९०१. उजवीकडे बघणारा दाढीवाला टक्कल पडलेला एडवर्ड, १९०२ ते १९१०. डावीकडे बघणारा दाढीवाला पाचवा जॉर्ज, १९११ पासून. उजवीकडे बघणारी दुसरी एलिझाबेथ, १९५७ पासून. साल आणि चेहरा जुळत नसेल तर ते नाणं नकली, एवढं नक्की. एलिझाबेथच्या काळातली नाणी ही जुनी ‘राणीछाप’ नाहीत. ती गुंतवणुकीची नाणी, त्यांना सोन्याइतकीच किंमत धरा.

आता सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाची खूण. जॉर्जच्या बाजूला, सालाच्या वर जी जमिनीची पट्टी आहे तिच्या मधोमध एखादं इंग्रजी अक्षर आहे का बघा. तरुण व्हिक्टोरियाच्या घोड्याच्या नाण्यांवर मात्र ते अक्षर राणीच्या बाजूला, मानेखाली शोधा. कुठेच काही नसेल तर लंडन. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी म्हणजे कॅनडातलं ओटावा, एस आणि ए मिळून दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया. आणि आय म्हणजे इंडिया. ही गिनी आपल्या मुंबईत, फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेली. ती फक्त एका सालाची आहे, १९१८.

ती का पाडावी लागली, ते मला नेहमी सांगावंसं वाटतं. १८९९ पासून गिनी हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चलन होती. पहिलं महायुद्ध पेटलं, चांदी मिळेना, रुपये कमी पडू लागले. १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, तीही याच टंचाईपायी. सोनं देशात होतं, पण ते लंडनला नेऊन नाणी करून परत आणायची तर समुद्रात जर्मन पाणबुड्या. म्हणून लंडनच्या राजटांकसाळीची शाखा मुंबईतच उघडायची ठरली. तयारी होईपर्यंत वेळ काढायला मुंबई टांकसाळीने पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर पाडली, अगदी गिनीच्याच वजनाची आणि कसाची, साल १९१८. ती सुमारे एकवीस लाख निघाली. मग त्याच वर्षी ऑगस्टपासून संत जॉर्जची गिनी, सुमारे तेरा लाख. पुढच्या वर्षी काम थांबलं, शाखा बंद झाली.

तेरा लाख म्हणजे दुर्मीळ नव्हे. कोणी ‘मुंबईची गिनी’ म्हणून तुमच्याकडे दुप्पट मागितले तर देऊ नका. चांगल्या अवस्थेतली असेल तर सोन्यावर थोडी भर मिळते, आणि आपल्या मातीतली म्हणून मला स्वतःला ती जपावीशी वाटते. मोहोर मात्र वेगळी. तिच्यावर घोडा नाही, एका बाजूला मुकुट घातलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीत ‘पंधरा रुपये’ इंग्रजीत. पाडल्या पुष्कळ गेल्या, पण त्यातल्या फार वितळल्या, आणि लिलावात ती सोन्याच्या कितीतरी वर जाते. सातांत एक जरी घोड्याशिवायची निघाली तर हे वर्णन जुळतं का बघा. आणखी एक साल: १९१७, अक्षराशिवाय, म्हणजे लंडन. ते खरंच दुर्मीळ आहे, कारण त्या वर्षीचं बरंचसं सोनं युद्धाच्या देण्यापोटी अमेरिकेत गेलं. म्हणूनच त्याच्या नकलाही जास्त. अक्षरासह १९१७ असेल तर साधी गिनी समजा.

तुमच्या चार कड्यांच्या गिन्यांना संग्राहक सोन्यापुरतेच पैसे देईल. कडी काढून जागा घासून ‘जशीच्या तशी’ करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. डाग दिलेली जागा भिंगाखाली लपत नाही, आणि नाण्याचं वजन उगाच घटतं. पाटल्यांना सोनं हवंच असेल तर या चारांकडे आधी बघा, तेही सालं तपासून झाल्यावर. उरलेल्या तीन तशाच ठेवा. आणि मोडायच्याच असतील तर कडी आणि नाणं यांचं वजन वेगळं धरायला सांगा: नाणं ७.९८ बावीस कॅरेटने, उरलेली कडी तिच्या कसाने. पावतीवर हे वेगळं लिहून घ्या.

माळेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला सगळ्यात जास्त उत्सुकता तिचीच आहे. आज सराफाकडे पुतळी म्हणून मिळते ती लक्ष्मीची आकृती ठोकलेली पातळ चकती. जुन्या घरातली पुतळी मुळात व्हेनिसचं नाणं होती, डुकाट. आणि योगायोग बघा, तिच्यावरही रक्षक संतच आहे. इटलीतल्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ मध्ये ते सुरू केलं आणि १७९७ मध्ये नेपोलियनने राज्य संपवेपर्यंत चालवलं. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यासमोर गुडघे टेकून राज्यप्रमुख, म्हणजे डोज, आणि दोघांच्या मध्ये झेंड्याचा दांडा. दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांनी वेढलेला येशू. पाचशे वर्षांत डोज बदलत गेले, नावं बदलली, पण चित्र, साडेतीन ग्रॅमचं वजन आणि जवळजवळ शुद्ध सोनं तसंच राहिलं. मसाल्याच्या आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर उतरली. इथल्या माणसाला लॅटिन अक्षरं कळत नव्हती, पण त्यावर उभ्या पुतळ्या दिसत होत्या, म्हणून नाव पुतळी. तमिळ मुलखात त्या झेंड्याच्या दांड्याला लोकांनी ताडाचं झाड मानलं आणि नाण्याला ‘शाणार काशू’, ताडी काढणाऱ्याचं नाणं, असं नाव पडलं. गोव्यात पोर्तुगीजांनीही सोळाव्या शतकात संत थॉमसच्या नावाचं सोन्याचं नाणं पाडलं, पण घराघरात ओवली गेली ती व्हेनिसची पुतळी.

तुमच्या माळेतल्या पुतळ्या बहुधा सरमिसळ असतील: एखाददुसरी खरी व्हेनिसची, बाकी इथल्या सोनारांनी तिच्यावरून पाडलेल्या. खरीची ओळख म्हणजे अक्षरं वाचता येतात, डोजच्या पाठीमागे त्याचं नाव असतं. इथल्या नकलेत अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि टिंबं, आणि माणसांचे चेहरे ठिपक्यांचे. माझ्या मते या नकलाही मौल्यवान आहेत. कोणा अनाम मराठी सोनाराने न कळणारी लिपी डोळ्यांनी वाचून हाताने उतरवली, ती आपल्याच कारागिरीची निशाणी आहे. माळ उसवू नका. दोरा तुटायला आला असेल तर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पटवेगाराकडून गाठवून घ्या, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. साताऱ्याच्या त्या पेढीवर मुशीत गेलेल्या पिशव्यांत पुतळ्याच जास्त होत्या. शुद्ध सोनं म्हणून त्यांना घट लागत नव्हती, आणि तेच त्यांच्या मुळावर आलं.

मुलाच्या प्रश्नाकडे येतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ पर्यंतच्या तुमच्या गिन्या आणि जुन्या पुतळ्या या रेषेच्या पलीकडे आहेत. ‘खिशात दोन नाणी कोण बघतंय’ असं नातेवाईक म्हणतील. ऐकू नका. विमानतळावर अडकलं तर नाणंही जाईल आणि मुलाला मनस्तापही होईल. त्याच्या वाटणीची नाणी इथेच त्याच्या नावाने ठेवा.

त्याला स्वतःचं सोनं घ्यायचं असेल तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्यासाठी गिनी खरोखर चांगली. तिथे ते अजून कायदेशीर चलन आहे, म्हणून १८३७ पासूनच्या गिन्या विकून झालेल्या नफ्यावर तिथला भांडवली नफा कर लागत नाही, आणि खरेदीवर व्हॅटही नाही. मात्र चांदीच्या डबीतली चकचकीत ‘प्रूफ’ नाणी घेऊ नये. त्यांवर जी जास्तीची रक्कम मोजतो ती विकताना क्वचितच पूर्ण परत येते. साधी गिनी घ्यावी, कुठल्याही सालाची, सोन्याच्या भावाला जवळात जवळ मिळेल ती. २०२३ पासूनच्या नाण्यांवर तिसरा चार्ल्स आहे, पाठीमागे पिस्त्रुचीचा तोच घोडा. २०२२ च्या, राणीच्या निधनानंतरच्या नाण्यांवर घोड्याऐवजी राजचिन्ह आहे, तेवढं बघून घ्यावं. आणि ती नाणी भारतात घेऊन येताना दागिन्यांना मिळणारी सूट नाण्यांना लागत नाही, हे त्याच्या कानावर घाला.

भारतात राहून नवीन गिनी घ्यावी का, तर माझं उत्तर नाही असं आहे. २०१३ मध्ये हरियाणातल्या एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने लंडनच्या टांकसाळीच्या परवान्याने पुन्हा ‘आय’ अक्षराची गिनी पाडली, तेव्हा मला आनंद झाला होता. मी एक घेतलीही, संग्रहासाठी. पण इथे खरेदीवर तीन टक्के जीएसटी आहे, नाण्यावर वरची रक्कम आहे, आणि विकताना बहुतेक सराफ तिला बावीस कॅरेटचं मोडीचं सोनं म्हणूनच धरतो. गुंतवणूकच करायची असेल तर चोवीस कॅरेटचं शिक्क्याचं नाणं सोपं. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचंही २००६ पासून संत जॉर्जचं नाणं आहे, पन्नास रूबलचं, ७.७८ ग्रॅम, ९९९ कसाचं. दिसायला घोडेस्वारच, पण वजन आणि कस वेगळे. कोणी ते गिनी म्हणून देऊ लागलं तर गोंधळू नका.

कराचं एकच सांगतो. वारशाने मिळाल्याबद्दल तुम्हाला कर नाही. विकलीत तर नफ्यावर आहे. आईकडे ती किती वर्षं होती ते तुमच्या हिशोबात धरलं जातं, त्यामुळे हा नफा दीर्घ मुदतीचाच, दर साडेबारा टक्के. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. तो मूल्यांकनकाराकडून लिहून घ्या आणि भावंडांमध्ये वाटणी झाली असेल तर तिचा साधा कागद सह्यांसकट करून ठेवा. विकायच्या दिवशी हे शोधत बसावं लागू नये.

आता तुम्ही एवढं करा. मऊ सुती कापडावर सातही नाणी ओळीत ठेवा, प्रत्येकाचं वजन, साल आणि अक्षर एका वहीत लिहा, कडी असेल तर तसं लिहा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. नाणं नेहमी कडेने धरा. मग ती यादी आणि माळेतल्या तीन-चार पुतळ्यांचे जवळून काढलेले फोटो मला पाठवा. पुतळीवर डोजच्या पाठीमागे अक्षरं आहेत की रेघा, तेवढं दिसलं पाहिजे.